गिटारच्या फ्रेटच्या चिरा कापताय? आधी फर्मा कशाचा, ते ठरवा

सिल्लोड : शाळेचं गॅदरिंग असो की ऑर्केस्ट्रा, गिटार आता खेड्यापाड्यात पोचली आहे. ती बिघडली की मात्र संभाजीनगर गाठावं लागतं. तालुक्यात हात चांगला असलेल्या सुतारांची कमी नाही. जो सुतार चौकटीचा सांधा दिवा लावून बघितला तरी फट दिसणार नाही असा बसवतो, त्याला गिटारचा फिंगरबोर्ड जमणार नाही असं कोण म्हणेल? अडतं ते एका ठिकाणी. फ्रेटच्या चिरा नेमक्या जागी पडल्या पाहिजेत, आणि दहाव्या गिटारला त्या पहिल्या गिटारइतक्याच नेमक्या पडल्या पाहिजेत. त्यासाठी फर्मा लागतो. फर्मा कशाचा करायचा, हा आजचा विषय.

आधी हे समजून घेऊ की एवढी काटेकोर मोजणी का. आपल्याकडे तंतुवाद्यं म्हटलं की मिरज. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. सूर हलला की वाजवणारा पडदा थोडा सरकवतो आणि काम भागतं. गिटारला ही सोय नाही. चीर एकदा कापली, त्यात तार ठोकली, की ती कायमची. तिफणीसारखंच आहे हे. दिंडात फणाची भोकं चुकीच्या अंतरावर पडली की अख्ख्या वावरात ओळी चुकीच्याच पडतात, मग पेरणारा कितीही सरळ चालो.

हिशोब असा. तारेची लांबी, म्हणजे नटापासून ब्रिजपर्यंतचं अंतर, १७.८१७ ने भागायचं. जे येईल ते पहिल्या फ्रेटचं अंतर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागलं की दुसऱ्याचं. ६५० मिमी लांबी धरली तर पहिला फ्रेट नटापासून ३६.४८ मिमीवर येतो, पाचवा १६३.०५ वर, सातवा २१६.१८ वर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२५ वर. आखताना प्रत्येक माप नटापासूनच घ्या. एका चिरेपासून पुढची मोजत गेलात तर प्रत्येक वेळची केसभर चूक साचत जाते.

चूक किती चालते? अर्धा मिमी चूक पहिल्या फ्रेटवर कानाला कळतही नाही. तीच एकोणिसाव्यावर तिप्पट जाणवते, कारण तिथे तारेची लांबी २१७ मिमीच उरलेली असते. म्हणून फर्मा झिजला तर बोंब पहिल्यांदा वरच्या सुरांत उठते.

आता मुख्य गोष्ट. फर्मा दोन प्रकारे वापरतात. एकात फर्म्याला चिरा असतात आणि करवत त्या चिरांतूनच चालवतात. दुसऱ्यात फर्म्याच्या काठावर खाचा असतात, करवतपेटीच्या भिंतीला एक बारीक पिन असते. फिंगरबोर्ड दुहेरी टेपने फर्म्यावर चिकटवायचा, खाच पिनेवर बसवायची, चीर कापायची, पुढची खाच घ्यायची. करवत फर्म्याला शिवतच नाही. आमचं स्पष्ट मत असं की पहिल्या प्रकाराच्या वाटेला जाऊच नये. करवतीचे दाते रोज घासले तर ॲल्युमिनियमही टिकत नाही, आणि पोलादी फर्मा घेतला तर उलट करवतच बोथट होते. चिरेची रुंदी असते जेमतेम ०.६ मिमी. त्यात फर्मा थोडा सैल झाला की संपलं.

पिनेची पद्धत घेतली की मग कशाचा फर्मा, हा प्रश्न सोपा होतो. एमडीएफ स्वस्त आणि कापायला सोपा, पण पावसाळ्यात काठ फुगतात आणि खाचेचे कोपरे गोल होतात. दोन-चार गिटारींपुरता चालेल. खाचांत पातळ फेविक्विक मुरवलं तर काठ बरेच कडक होतात. प्लायच्या काठाचे पदर सुटतात, त्यावर सनमायका चिकटवून दोन्हीला एकदम खाच पाडली तर पिन सनमायकाच्या कडक काठावर टेकते. घरच्या घरी होणाऱ्या फर्म्यांत हा आम्हाला सगळ्यात बरा वाटतो. बॅकेलाइटची शीट मिळाली तर आणखी उत्तम : ओलीने फारशी फुगत नाही, कानशीने नीट घासली जाते.

अॅक्रिलिकचं आकर्षण सगळ्यांना असतं, कारण आरपार दिसतं आणि लेझरवर झटपट कापून मिळतं. पण तापमान २५ अंशांनी वाढलं तर ६५० मिमीची अॅक्रिलिक पट्टी एक मिमीहून जास्त लांबते. ॲल्युमिनियम तेवढ्यात ०.४ मिमीच्या आत राहतं, साधं पोलाद ०.२ च्या आसपास. आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ आणि दुपार यात किती फरक पडतो, हे मे महिन्यात वेगळं सांगायला नको. सगळा फर्मा एकाच प्रमाणात वाढतो, त्यामुळे एका बैठकीत सगळ्या चिरा कापल्या तर फारसं बिघडत नाही. घोळ होतो तो अर्ध्या सकाळी आणि अर्ध्या जेवण करून कापल्या की. शिवाय अॅक्रिलिक भिंतीला टेकवून ठेवलं तर वाकतं आणि थिनर लागला तर तडकतं. ते सपाट ठेवा, पॉलिशच्या डब्यांपासून लांब.

वर्षानुवर्षं वापरायचा असेल तर ३ मिमी ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस. वाळूज, चिकलठाण्याकडे लेझर कटिंगची कामं होतात, तिथून करून आणता येईल. साधं लोखंडही टिकतं, पण गंजतं आणि तेल लावलं तर डाग शिसवीवर उतरतो. ऑर्डर देताना खाच पिनेपेक्षा केसभर अरुंद मागा आणि कानशीने स्वतः बसवा. सैल आलेली खाच घट्ट करता येत नाही. पिन २ मिमीची पुरे : एकोणिसाव्या फ्रेटजवळही दोन चिरांत सुमारे १३ मिमी जागा असते.

पैसे कमी असतील तर एकच धातूचा फर्मा करा आणि तो कपाटात ठेवा. त्यावरून सनमायकाचे कामाचे फर्मे काढा, झिजले की फेकून द्या. दर काही गिटारींनंतर बाराव्या खाचेचं माप वर्निअरने तपासा.

आणि फर्म्यावर तारेची लांबी खिळ्याने कोरून ठेवा. ६४८ आणि ६५० चे फर्मे शेजारी टांगले तर नजरेला फरक कळत नाही, पहिल्या फ्रेटला तो जेमतेम ०.१ मिमीच असतो.