सुपारीचा हिशेब

जैन व्यापारी कुटुंबांत तंबाखूला सहसा थारा नसतो. मात्र पेढीवर आलेल्या ग्राहकापुढे किंवा जेवण उरकलेल्या पाहुण्यापुढे मुखवासाची डबी आजही अगत्याने उघडली जाते. तीत बडीशेप, धनाडाळ, लवंग, वेलदोडा यांच्या शेजारी अडकित्त्याने कातरलेली किंवा सुगंधी सुपारी असते. शास्त्रकारांनी आहाराचे जे चार प्रकार सांगितले, त्यांत सुपारीची गणना स्वादिमात होते. चौविहाराचे पच्चक्खाण घेणारा श्रावक सूर्यास्तानंतर तीही वर्ज्य करतो. दिवसा मात्र तिच्यावर कोणाचा आक्षेप नसतो. व्यसनमुक्तीच्या शिबिरात तंबाखू, गुटखा, मद्य यांच्या त्यागाची प्रतिज्ञा होते आणि सुपारीचे नाव यादीत येत नाही. तंबाखू नाही, मग बिघडले कुठे, असा सरळ विचार त्यामागे असतो.

या विचाराची कसून परीक्षा वैद्यकीय संशोधनाने केली आहे. तिला सुमारे साठ वर्षे लागली आणि तिचे बरेच धागे आज नवी मुंबईत येऊन पोहोचले आहेत. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या संस्थेचे मूळ परळला १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात आहे. पुढे कर्करोग संशोधन संस्था म्हणून नावारूपाला आलेली ही संस्था २००२ साली खारघरच्या प्रशस्त आवारात आली. तिचे आद्य प्रवर्तक डॉ. वसंत रामजी खानोलकर. टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख असताना, १९४४ साली, त्यांनी मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. आपल्या देशात हा रोग इतका का आढळतो, या प्रश्नाला त्या काळापासून गंभीर शास्त्रीय रूप आले.

सुपारीचे नाव मात्र दुसऱ्या एका विकारातून पुढे आले. १९५२ साली पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात एक विचित्र कडकपणा आढळल्याची नोंद झाली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी असेच रुग्ण वर्णन केले आणि या विकाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे आज रूढ असलेले नाव मिळाले. गालाच्या आतील मऊ त्वचा पांढुरकी पडते, तिच्याखाली दोरीसारखे घट्ट पट्टे तयार होतात, तिखट लागताच आग होते आणि तोंड उघडणे दिवसेंदिवस कमी होत जाते. काही रुग्णांना अखेरीस पोळीचा घासही धड घेता येत नाही.

कारण काय असावे? पहिला संशय मिरचीवर गेला. तो अगदी स्वाभाविक होता, कारण रुग्णाची पहिली तक्रारच तिखटाची असे. डॉ. सिरसाट आणि डॉ. खानोलकर यांनी उंदरांच्या टाळूवर मिरचीतील दाहक द्रव्य लावून पाहिले. आहारात आवश्यक घटकांची उणीव असलेल्या उंदरांत तशा स्वरूपाचे बदल त्यांना दिसलेही, आणि १९६० साली तो प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रयोग प्रामाणिक होता. पण प्रयोगशाळेत एखादी गोष्ट घडवता येणे आणि माणसांत ती त्याच कारणाने घडत असणे यांत अंतर आहे. मिरची मेक्सिकोतही भरपूर खातात, तरी तेथे हा विकार भारतासारखा आढळत नाही. आपल्याकडेही एकाच ताटातले तिखट खाणाऱ्या दोघांपैकी एकालाच तो होतो. रोगामुळे तिखट सोसत नाही, ही बाब रोगाचे कारण म्हणून पुढे आली होती. उधारी थकल्यामुळे दुकान बसले की दुकान बसल्यामुळे उधारी थकली, हे खतावणी नीट तपासल्याशिवाय कळत नाही, तसेच हे.

खतावणी तपासण्याचे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतविज्ञान संशोधन विभागाने अनेक वर्षे केले. डॉ. फली मेहता यांच्यासोबत तेथे काम करणारे डॉ. प्रकाश गुप्ता पुढे नवी मुंबईतील हीलिस सेखसरिया सार्वजनिक आरोग्य संस्थेचे संचालक झाले. या मंडळींनी भावनगर येथे केलेली आणि १९९० साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी व्यापारी मनाला चटकन पटेल अशी आहे. या विकाराचे ६० रुग्ण त्यांनी घेतले आणि वय, लिंग, सांपत्तिक स्थिती यांत त्यांच्याशी मिळतीजुळती, पण विकार नसलेली ६० माणसे शोधली. मग प्रत्येकाच्या सवयी विचारल्या. रुग्णांपैकी ५९ जण कोणत्या ना कोणत्या रूपात सुपारी चघळणारे निघाले, एकच तसा नव्हता. निरोगी गटात चघळणारे २१ होते आणि न चघळणारे ३९. म्हणजे रुग्णांत हे प्रमाण ५९ ला १, तर निरोगी गटात २१ ला ३९. पहिल्याला दुसऱ्याने भागले की १०९.६ हा आकडा येतो. सुपारी चघळणाऱ्याला या विकाराचा धोका न चघळणाऱ्याच्या सुमारे ११० पट, असा त्याचा अर्थ.

आकड्यांची सवय असलेल्या वाचकाने येथे थोडे थांबावे. ६० ही संख्या लहान आहे. रुग्णांत एकाऐवजी दोघे न चघळणारे निघाले असते, तर हाच भागाकार ५४ च्या आसपास आला असता. म्हणून ११० हा आकडा नाण्यासारखा वाजवून घेण्याचा नाही. परंतु तो निम्म्यावर आला तरी निष्कर्ष ढळत नाही, कारण रोगकारणांच्या शोधात दुप्पट-तिप्पट धोकाही गंभीर मानला जातो. शिवाय भावनगरकडे प्रचलित असलेल्या माव्यात सुपारीबरोबर तंबाखू आणि चुना असतो. मग दोष कोणाचा, ही शंका रास्तच होती. तिचे उत्तर नुसती सुपारी खाणाऱ्या रुग्णांनी दिले. त्यांनाही हाच विकार होत होता.

तो कसा होतो, हेही पुढे बरेच उलगडले. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य त्वचेखालच्या तंतू निर्माण करणाऱ्या पेशींना चेतवते. सुपारीत तांब्याचा अंशही लक्षणीय असतो आणि तंतू एकमेकांत घट्ट गुंफणाऱ्या विकराला तांबे लागते. तंतू वाढतात, विरघळत नाहीत, आणि मऊ गालाचे चामडे होते. एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर सतरा वर्षांच्या काळात लक्ष ठेवण्यात आले. त्यांतील ५ जणांना मुखाचा कर्करोग झाला. बाकीच्यांना तो झाला नाही, हे खरेच. पण तेरा खातेदारांत एक खाते बुडत असेल, तर कोणतीही पेढी त्याला किरकोळ जोखीम म्हणणार नाही.

फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली तंबाखूयुक्त पान कर्करोगकारक ठरवले; तंबाखूविना पानाबद्दल मात्र पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. सुपारीच्या कैवाऱ्यांना तेवढे पुरेसे होते. दरम्यान तैवानमधून नवी माहिती आली. तेथे सुपारीत तंबाखू घालण्याची रीतच नाही, तरी मुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळत होता. २००३ साली तज्ज्ञ पुन्हा बसले आणि सुपारी स्वतःच मानवास कर्करोगकारक असल्याचा निर्णय त्यांनी दिला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. या पहिल्या गटात उन्हाचाही समावेश आहे, म्हणून गोंधळून जाण्याचे कारण नाही. पुरावा किती पक्का आहे, एवढेच हा गट सांगतो. धोका किती मोठा, हे किती खाल्ले, किती वर्षे खाल्ले, त्यावर ठरते.

नवी मुंबईच्या मसाला बाजारात सुपारीची उलाढाल होते आणि त्यावर काही घरे चालतात, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाला यांवर बंदी आहे. पूजेच्या कलशावरची, विड्यावर ठेवलेली सुपारी कोणी चघळत नाही, तिचा या हिशेबाशी संबंध नाही. खरी चिंता आहे ती लहान पुड्यांतून मिळणाऱ्या गोड, सुगंधी सुपारीची. पुड्यांचा सुळसुळाट झाल्यापासून हा विकार तरुण वयातच दिसू लागला. ज्या घरात मुलाला चहाही मोजून मिळतो, त्याच घरात अशी पुडी कोणी हरकत न घेता त्याच्या हाती पडते, हे विशेष आहे.

एकदा तयार झालेले पट्टे सुपारी सोडल्याने नाहीसे होत नाहीत. म्हणून सवय लवकर सोडणे आणि तोंड वेळीच तपासून घेणे हेच हाती उरते. तपासणी अगदी साधी आहे. आपल्या हाताची मधली तीन बोटे एकमेकांवर उभी धरून पुढच्या दातांमध्ये सहज मावतात का, हे आरशात पाहावे. ती मावत नसतील, गालाच्या आत पांढुरके डाग दिसत असतील किंवा पूर्वी चालणारी आमटी आता झोंबत असेल, तर दंतवैद्याकडे जाताना किती वर्षे आणि दिवसातून किती वेळा सुपारी खाल्ली, हेही त्यांना सांगावे. ‘फक्त जेवणानंतर’ हे उत्तर बहुतेक जण देतात. पेढीवरच्या डबीतली खांडे त्यात कोणी धरत नाही.