राडारोड्याची वजनपावती

दुकानाचे नूतनीकरण निघाले की जुनी फरशी उखडली जाते, मधली भिंत पाडली जाते आणि चार दिवसांत गोण्यांची रास उभी राहते. पुण्याकडे याला राडारोडा म्हणतात, मुंबईत डेब्रिज. कंत्राटदार ठोक भावाने गाडी ठरवितो, ती रात्री निघते आणि कोठे रिकामी झाली हे सहसा कोणी विचारीत नाही. मापात पाप नको म्हणणारी, जिऱ्यामिऱ्याचा किलोकिलोने हिशेब ठेवणारी पेढी स्वतःच्या भिंतीचे वजन मात्र वहीत लिहीत नाही. आणि हे वजन थोडे नसते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट; एवढा राडारोडा साधारणतः साडेतीन-चार टन भरतो.

केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनी दिवसाला 20 टन किंवा महिन्याला 300 टन राडारोडा काढणाऱ्यांस काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गारा वेगळे करणे बंधनकारक केले. त्याच वर्षी मुंबईत देवनार व मुलुंड येथील क्षेपणभूमींच्या दुरवस्थेमुळे उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबविल्या. पुनर्विकासाला सवलत होती, पण मोकळ्या जागेवरील कामे अडली. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त मुभा दिली. राडारोडा नेमून दिलेल्या जागीच टाकावा, ही त्यातली मुख्य अट. कचऱ्याच्या प्रश्नाने बांधकामाचा धंदाच अडू शकतो, हे तेव्हा कळले.

वास्तविक राडारोडा कुजत नाही; क्षेपणभूमीत तो केवळ जागा अडवितो. उलट दळला तर खडी, वाळू व पेव्हर ब्लॉक होतात. दिल्लीत बुराडी येथे 2009 पासून हे काम चालू आहे. भारतीय मानकानुसार साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत अशी खडी चालते. मात्र त्यात ओला कचरा मिसळला की माल बिघडतो.

अधिकृत केंद्रावर गाडी आधी भरलेली, मग रिकामी काट्यावर चढते. वजाबाकीचे निव्वळ वजन पावतीवर येते. खाडीकाठी रिकामी होणारी गाडी स्वस्त पडते, कारण तेथे काटाच नसतो. भराव पडला की भरतीचे पाणी अडते, तिवरे वाळतात आणि त्यांच्या मुळांत वाढणारे असंख्य जीवही जातात. म्हणून कंत्राटाच्या कागदावरच एक ओळ लिहून घेणे सोयीचे: शेवटचा हप्ता गाडीचा क्रमांक असलेली वजनपावती हाती आल्यावर.