भोवळ थांबली, तोल जुळायचाय

सातपाटीचा खलाशी काही दिवस समुद्रात काढून धक्क्यावर उतरला की थोडा वेळ जमीनही हेलकावत राहते. कानातल्या खड्यांची भोवळ उपचाराने थांबल्यावर अनेकांची गत अशीच होते. गरगरणे गेलेले असते, तरी डोके हलके वाटते आणि पावले अधांतरी पडतात. मग उपचार फसला की काय, ही धास्ती बसते. बहुतेक वेळा तो फसलेला नसतो.

कानात काय घडते?

आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण, म्हणजेच हे ‘खडे’, असतात. ते आपल्या कप्प्यातून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की कूस बदलताना, वर बघताना, वाकताना खोली फिरू लागते. एकेक झटका साधारण मिनिटभरात ओसरतो. अमेरिकी डॉक्टर जॉन एपली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत डोके ठरावीक क्रमाने वळवून हे कण कप्प्यात परत आणतात.

मग तोल लगेच का सावरत नाही?

डोळे, पाय आणि दोन्ही कान यांच्या संदेशांचा मेळ घालून मेंदू तोल राखतो. बिघडलेल्या संदेशाशी त्याने जमवून घेतलेले असते. संदेश सुधारल्यावर पुन्हा घडी बसायला वेळ लागतो. काही बारीक कण मागे राहिलेले असू शकतात. वय जास्त असेल, उपचाराआधी त्रास लांबला असेल किंवा भीतीने मान आखडून ठेवली असेल, तर ही अस्थिरता अधिक रेंगाळते. बहुतेकांची ती काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत जाते.

खडे पुन्हा सुटलेत का?

दिवसभर हलकेसे डुलल्यासारखे वाटणे ही उरलेल्या अस्थिरतेची खूण. कूस बदलताच पुन्हा गरगरले, तर खडे पुन्हा सुटल्याची शक्यता अधिक. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. ते रुग्णाला झटकन आडवे करून डोळ्यांची हालचाल पाहतात. गरज पडल्यास तोच उपचार पुन्हा करता येतो.

काय करावे?

अंथरुणाला खिळू नका. रोज सोबत घेऊन चाला. डॉक्टरांच्या सल्ल्याने, बसून अंगठ्यावर नजर ठेवत मान हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा. चालत्या-फिरत्या शरीराकडूनच मेंदू नवा तोल शिकतो. चक्करीच्या गोळ्या मनाने लांबवू नका. त्यांनी हे शिकणे मंदावते. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढावे, म्हणजे खडे पुन्हा सुटण्याचा धोका घटतो.

कामावर परतताना

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत परांचीवर, टाकीच्या शिडीवर किंवा फिरत्या यंत्रापाशी काम असेल, तर सुपरवायझरला स्पष्ट सांगून काही दिवस जमिनीवरचे काम मागून घ्या. डहाणू लोकलच्या दारात उभे राहू नका. तोल सावरेपर्यंत दुचाकीही नको.

केव्हा थांबू नये?

एकाचे दोन दिसणे, जीभ अडखळणे, हात-पाय लुळे पडणे, तीव्र डोकेदुखी, अचानक ऐकू न येणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले, तर ‘खड्यांचेच असेल’ म्हणून घरी थांबू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.