अवकाळी पाऊस आणि अंदाजाचा भरवसा

पावसाळ्यात ढग आला म्हणजे महागाव तालुक्यातील शेतकरी त्याच्याकडे आशेने पाहतो. तोच ढग कार्तिक-मार्गशीर्षात आला म्हणजे त्याच्या पोटात गोळा उठतो. या दिवसांत शेतात कापूस फुटून पांढरा झालेला असतो, तूर शेंगेवर येत असते, हरभरा फुलावर असतो, आणि बाजारात आलेला माल पुष्कळदा उघड्यावर पडलेला असतो. सन २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात, २६ तारखेपासून पुढे दोन-तीन दिवस, महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर व आपल्या विदर्भावरही असाच अवकाळी पाऊस कोसळला. पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत विदर्भात गारा पडल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर पुन्हा तोच प्रकार झाला. ज्या गोष्टीला आपण अवकाळी म्हणतो, ती आता इतक्या वेळा येऊ लागली आहे की, तिचा विचार काळ पाहूनच केला पाहिजे.

असा पाऊस पडून गेला म्हणजे आपल्याकडे दोन प्रकारचे बोलणे हमखास ऐकू येते. ज्याचा माल भिजला तो म्हणतो, "हवामान खात्याला एवढेही कळले नाही काय?" आणि ज्याच्या गावी इशारा असून थेंबही पडला नाही तो म्हणतो, "या खात्याने पाऊस सांगितला म्हणजे खुशाल ऊन पडणार असे समजावे!" दोघेही एकाच दिवशी, एकाच इशाऱ्याविषयी, अगदी उलट तक्रार करीत असतात, आणि चमत्कार असा की, पुष्कळदा तो इशारा त्याच्या शब्दांप्रमाणे पाहता बरोबर उतरलेला असतो. २०२३ च्या नोव्हेंबरातील पावसाचा व गारांचा इशारा हवामान खात्याने आधीच दिलेला होता. तरीही माल भिजला. तेव्हा दोष केवळ अंदाजाचा की अंदाज आणि माणूस यांच्यामध्ये पडलेल्या अंतराचा, हा प्रश्न शांतपणे विचारात घेण्यासारखा आहे.

प्रथम या खात्याचे मूळ लक्षात घ्यावे. १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आले. १८६६ व १८७१ साली पाऊस रुसला आणि दुष्काळ पडला. या आघातांनंतर सरकारने १८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन केले. १९२८ साली त्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले व १९४४ साली ते दिल्लीस गेले. शेतीच्या हवामानाचा निराळा विभाग मात्र १९३२ सालीच पुण्यात सुरू झाला होता. म्हणजे हे खाते लोकांच्या जीविताच्या व धान्याच्या काळजीतून निर्माण झालेले आहे. पंचांगातील भविष्याशी त्याची बरोबरी करणे म्हणजे तराजू आणि कवडी यांस एकच मानणे होय.

आता हिवाळ्यातील पाऊस येतो कोठून? भूमध्य समुद्राकडून पश्चिमी वाऱ्यांबरोबर सरकत येणारे हवेचे झोत, ज्यांस पश्चिमी विक्षोभ म्हणतात, ते थंडीच्या दिवसांत उत्तर हिंदुस्थानावरून जातात. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरातून किंवा अरबी समुद्रातून बाष्प आत ओढले गेले, तर वरची थंड कोरडी हवा आणि खालची दमट उबदार हवा यांची गाठ मध्य भारतावर पडते, आणि विजा, गारा व मुसळधार पाऊस यांचा उद्भव होतो. ही सर्व चाल उपग्रहांतून व गणितांतून काही दिवस आधी दिसते. परंतु गारांचा एकेक ढग काही कोसांचाच असतो. तो महागावावर फुटेल की पुसदेवर, हे तीन दिवस आधी सांगणे आजच्या विद्येला शक्य नाही. आरंभीच्या मोजमापातील बारीकशी चूक दिवसागणिक वाढत जाते, हे लॉरेन्झ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले. रडाराने आलेला ढग दिसतो खरा. पण रडारापासून जितके दूर जावे, तितका पृथ्वीच्या गोलाईमुळे ढगाचा तळ नजरेआड होतो. म्हणून पाच दिवसांचा अंदाज जिल्ह्यापुरता असतो आणि तातडीचा इशारा जेमतेम तीन तासांपुरता. दोन्हींचे काम निराळे आहे. एकाकडून दुसऱ्याचे काम मागू नये.

येथेच वाचण्याची चूक होते. "तुरळक ठिकाणी पाऊस" हे शब्द आपण "थोडासा पाऊस" अशा अर्थाने घेतो. खात्याच्या भाषेत त्यांचा अर्थ, पाऊस मोजणाऱ्या शंभर ठिकाणांपैकी फार तर पंचवीस ठिकाणी पाऊस पडेल, एवढाच आहे. तो पंचवीस ठिकाणी किती जोराने पडेल, हे त्यात मुळीच नाही. "काही ठिकाणी" म्हणजे शंभरांत पन्नासपर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पंचाहत्तरपर्यंत, आणि त्यापुढे "बहुतांश ठिकाणी." यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. जिल्ह्यास "तुरळक ठिकाणी गारपीट" असा इशारा असेल आणि तीन-चार तालुक्यांत गारा पडून बाकीचे कोरडे राहिले, तर बाकीच्यांनी खात्यास खोटे म्हणणे न्यायाचे होणार नाही. तसेच रंगांचे. पिवळा रंग सावध राहण्यास सांगतो, नारिंगी तयारी करण्यास, तांबडा ताबडतोब हालचाल करण्यास. पिवळ्या रंगाला ऊन पडले म्हणून नारिंगीकडे दुर्लक्ष करणे हा शहाणपणा नव्हे. आणखी एक बारीक गोष्ट अशी की, खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. म्हणून अठ्ठावीस तारखेस नोंदलेला पाऊस पुष्कळ अंशी सत्तावीसचा असतो. तारखांवरून भांडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कित्येकांचे म्हणणे असे की, आमच्या वाडवडिलांस आभाळ वाचता येत होते. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते आम्ही आदराने मान्य करतो. वाऱ्याची दिशा, मुंग्यांची धावपळ, सायंकाळचा उकाडा यांवरून काही तासांचा अदमास बांधणे ही खरी निरीक्षणविद्या आहे. परंतु अक्षय्य तृतीयेस घागर व धान्य मांडून वर्षभराचा पाऊस, पीक व राजकारण वर्तविणारी जी घटमांडणी बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे होते, तिची गोष्ट निराळी. परंपरा म्हणून तिचे कौतुक कोणी खुशाल करावे. पण तीवर विसंबून पेरणी करणाराने एक प्रश्न स्वतःस विचारावा. हवामान खाते चुकले म्हणजे आपण चारचौघांत त्याचा हिशेब मागतो; घटमांडणी चुकली म्हणजे तिचा हिशेब कोण मागतो? जी विद्या आपली चूक मोजू देते तीच सुधारते. जी मोजू देत नाही, ती शंभर वर्षांनीही जेथल्या तेथेच राहते.

व्यापारी मंडळींस तर हे गणित सहज पटावे. समजा, उघड्यावरील कापूस झाकण्यास, ताडपत्री व हमाली धरून, एक रुपया लागतो आणि तो भिजल्यास दहा रुपये बुडतात. दहा वेळा इशारा झाला, दहाही वेळा माल झाकला, आणि पाऊस दोनच वेळा आला. आठ वेळा आपण चिडलो. पण दहा रुपये खर्चून वीस रुपये वाचविले! जो अंदाज दहांत आठ वेळा "खोटा" ठरला, तोही या हिशेबाने फायद्याचा आहे. भिजलेला कापूस पिवळा पडतो, त्याची प्रत उतरते. आणि भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा बारा टक्क्यांची असल्यामुळे, त्याहून ओल्या मालाला हमीभावाचे दारच बंद होते. वर्षभराचे कष्ट एका रात्रीत या बारा टक्क्यांपाशी येऊन अडतात. विमा उतरवताना घर जळेलच असे कोणी मानत नाही. मग ताडपत्री टाकताना पाऊस पडलाच पाहिजे असा हट्ट का?

मात्र सरकारासही आमचे सांगणे आहे, आणि ते स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. अंदाज मोबाइलवर आला म्हणजे तो लोकांस पोहोचला असे मानणे चुकीचे आहे. ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्यास अक्षरे वाचता येत नाहीत, ज्या तांड्यावर मोबाइलची रेंज नसते, त्यांच्यापर्यंत पूर्वी निदान दवंडी तरी पोहोचत असे. महावेध प्रकल्पाखाली २०१७ पासून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, ही गोष्ट स्तुत्य आहे. पण एका मंडळात अनेक गावे, आणि मापक एकाच ठिकाणी. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी, एरव्ही नाही, असा नियम असल्यावर, मापकाच्या गावी चाळीस व चार कोसांवर नव्वद मिलिमीटर पडला तर नव्वदवाल्याने न्याय कोठे मागावा? ही तक्रार खरी आहे, आणि तिचे उत्तर मापके वाढविणे हेच आहे.

पुराची गोष्ट तर याहून कठीण आहे. २२ जुलै २०२३ रोजी याच महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यास पुराने वेढले. अडकलेल्या गावकऱ्यांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागविण्यात आली, आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाने माणसे बाहेर काढली. तो पावसाळा होता. हिवाळ्यातील सर सहसा इतकी मोठी नसते. परंतु पाणी जाण्याची वाट तीच, पूस आणि पैनगंगेला मिळणारे तेच ओढे-नाले. पावसाळ्यानंतर त्यांत गाळ, केरकचरा व झुडपे साचतात, काठावर अतिक्रमण होते, आणि काळ्या जमिनीवर जोराची सर आली म्हणजे पाणी मुरण्याआधीच वाहू लागते. आभाळातून किती पडेल हे हवामान खाते सांगेल. पडलेले पाणी कोणाच्या घरात शिरेल, हे मात्र नाल्याची रुंदी सांगते, आणि ती रुंदी राखणे नगरपंचायतीच्या व ग्रामपंचायतीच्या हातात आहे.

सबब आमची सूचना अशी. महागाव, पुसद व उमरखेड येथील बाजार समित्यांनी आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने एक साधी नोंदवही ठेवावी. एका रकान्यात आदल्या दिवशीचा इशारा, दुसऱ्यात प्रत्यक्ष पाऊस. शाळेतील मुलांकडून पर्जन्यमापक वाचून घ्यावा. मुले शिकतील आणि गावास आकडा मिळेल. वर्षाअखेर चार बेरजा कराव्यात: इशारा होता आणि पाऊस आला, इशारा होता पण आला नाही, इशारा नव्हता पण आला, दोन्ही नव्हते. हा तक्ता चावडीवर लावावा. मग खात्यावर कितपत विसंबावे, हे पारावरच्या गप्पांवर सोडण्याचे कारण उरणार नाही, आणि खाते चुकत असेल तर त्यास जाब विचारण्यास आपल्या हाती पुरावा असेल. त्याबरोबर बाजाराच्या आवारात माफक भाड्याने ताडपत्र्या मिळाव्यात, दिवाळीनंतर एकदा नाले साफ व्हावेत, आणि नारिंगी इशारा आला म्हणजे देवळाच्या, मशिदीच्या व शाळेच्या भोंग्यावरून तो साध्या मराठीत वाचला जावा. विजांच्या वेळी झाडाखाली थांबू नये, एवढे वाक्य त्यात जोडले तरी काही जीव वाचतील.

यांत एकही गोष्ट अशी नाही की जिच्यासाठी मुंबईकडे किंवा दिल्लीकडे तोंड करून बसावे. वहीला दोन रकाने आखण्यास मंजुरी लागत नाही. येत्या कार्तिकात आभाळ भरून येईल तेव्हा खात्याला शिव्या देण्यास आपली जीभ मोकळी असेलच. पण त्याआधी माल झाकलेला असावा, नाला मोकळा असावा आणि वहीत कालची नोंद असावी. ज्या गावात या तीन गोष्टी असतील, त्या गावास अंदाज चुकण्याचे भय पुष्कळ कमी राहील.