शेंगेतलं इंजिन

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत एक खेळणं हमखास मिळतं. दातेरी कडांच्या प्लॅस्टिकच्या चकत्या, त्यांना भोकं. भोकात पेन घालून चकती फिरवली की कागदावर फुलं उमटतात. यंदा भाच्यासाठी एक घेतलं आणि घरी आल्यावर मीच खेळत बसलो. मला फुलं नको होती. मोठी चकती टेबलावर दाबून धरली आणि तिच्या निम्म्या व्यासाची छोटी चकती तिच्या बाहेरून फिरवली. पेन छोटीच्या मध्यापासून जरा बाजूच्या भोकात होतं. एक वेढा पुरा झाला तेव्हा कागदावर कमरेत किंचित चेपलेला लांबट आकार उमटला होता.

"मामा, ही तर शेंग!" भाचा म्हणाला.

सोलापूरच्या पोराला दुसरं काय दिसणार? पण उपमा अगदी चपखल. रोटरी इंजिनाचं घर दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखंच असतं. फक्त आत दाण्यांऐवजी फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला चिकटून असतात. त्यामुळे भिंत आणि त्रिकोण यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात, आणि फिरता फिरता ते लहान-मोठे होत राहतात. एका कप्प्यात हवा-पेट्रोल आत येत असतं, दुसऱ्यात ते दाबलं जात असतं किंवा पेटत असतं, तिसऱ्यातून धूर बाहेर पडत असतो. हे सगळं एकाच वेळी.

माझदा कंपनीच्या '१३बी' या गाजलेल्या इंजिनात त्रिकोणाच्या पोटात ५१ दात्यांचं चक्र आहे. ते ३४ दात्यांच्या न फिरणाऱ्या चक्राभोवती लोळतं. त्यामुळे मधला दांडा तीन वेळा फिरतो तेव्हा त्रिकोण एकदाच फिरतो. दांडा मिनिटाला ९,००० फेरे मारत असताना त्रिकोण निवांत ३,००० वर असतो. टोकाचं केंद्रापासून अंतर १०.५ सेंटिमीटर, दांड्याची उत्केंद्रता १.५, जाडी ८. या तिघांचा गुणाकार करून त्याला ३ आणि ३च्या वर्गमुळाने गुणा, ६५४ घन सेंटिमीटर येतात. असे दोन त्रिकोण म्हणजे १,३०८ सीसी. आपल्याकडच्या एखाद्या हॅचबॅकएवढंच इंजिन, पण माझदाच्या १९९९च्या जपानी आरएक्स-७ गाडीत त्यातूनच, धुराच्या जोरावर हवा आत दाबणाऱ्या टर्बोच्या मदतीने, २८० अश्वशक्ती काढलेली आहे.

यात वर-खाली धडपडणारे पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत आणि म्हणून कॅमशाफ्टही नाही. ही गोष्ट सोलापुरात जरा हळू आवाजात सांगावी लागते. 'प्रिसिजन कॅमशाफ्ट्स' १९९२ पासून याच गावात कॅमशाफ्ट बनवते आणि ते जगभरच्या मोटारींत बसतात. माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रींना मी शेंगेचं चित्र दाखवलं. त्यांनी ते उलटं-सुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "टॅपेटच नाही म्हणता सर, मग गाडी आवाज करायला लागली तर आम्ही टाईट काय करायचं?"

प्रश्न विनोदी नव्हता. या इंजिनात जे बिघडतं ते बाहेरून टाईट करता येत नाही. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाला खाच असते. खाचेत बोटभर लांबीची, दोन-तीन मिलिमीटर जाडीची एक धातूची पट्टी आणि तिच्याखाली पट्टीसारखीच बारीक स्प्रिंग. हे टोकाचं सील. जर्मनीच्या एनएसयू कंपनीत फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेचं पहिलं इंजिन १९५७ साली फिरलं, पण तेव्हापासून खरी लढाई या पट्टीशीच चालू आहे. माझदाच्या सुरुवातीच्या इंजिनांत ती थरथरायची आणि घराच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पाडायची. तिथले अभियंते त्यांना सैतानाची नखं म्हणत. कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची सीलं वापरल्यावर ती नखं बोथट झाली आणि १९६७ मध्ये 'कॉस्मो स्पोर्ट' रस्त्यावर आली. १९९१ मध्ये माझदाच्या चार त्रिकोणांच्या ७८७बी गाडीने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. त्या इंजिनाला टर्बो नव्हता, हे ध्यानात ठेवा.

असं इंजिन बघायला जपानलाच जावं लागतं असं नाही. सोलापूरहून करमाळ्याच्या रस्त्याने नगर गाठलं, तर तिथे संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, आहे. बेंगळुरूची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा, तिथलीच वैमानिकी विकास संस्था (एडीई) आणि नगरची ही संस्था यांनी मिळून 'निशांत' या वैमानिकरहित विमानासाठी देशी वांकेल इंजिन तयार केलं. एक त्रिकोण, वजन ३० किलोच्या आसपास, ताकद ५५ अश्वशक्तीच्या वर्गातली. २००९ साली कोलारजवळ ते इंजिन घेऊन 'निशांत' उडालं. त्याच्या घराच्या आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप आहे. पुन्हा तोच प्रश्न, पट्टी आणि भिंत.

विमानाला असं इंजिन का मानवतं, हे पाहिलं की मोटारीतली अडचण कळते. आकाशात इंजिन तासन्‌तास एकाच वेगाने फिरतं. सोलापूरच्या सात रस्ता चौकात तसं चालत नाही. सिग्नल, रिक्षा, मध्येच घुसणारी दुचाकी, पुन्हा सिग्नल. रोटरीचा पेटता कप्पा लांब आणि चपटा असतो. ज्योत कोपऱ्यापर्यंत पोचेपर्यंत त्रिकोण पुढे सरकलेला असतो. म्हणून प्रत्येक त्रिकोणाला दोन-दोन स्पार्क प्लग. तरीही थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. शिवाय सील ओलं राहावं म्हणून इंजिन मुद्दाम थोडं ऑइलही जाळतं. माझदाची आरएक्स-८ (२००३ ते २०१२) शहरात लिटरला सातेक किलोमीटर द्यायची. आणि थंड इंजिन चालू करून गाडी पोर्चमधून दहा फूट मागे घेतली आणि बंद केली, तर प्लग पेट्रोलने भिजून ती पुन्हा चालूच व्हायची नाही. शेजाऱ्याला वाट करून देण्यासाठी गाडी हलवायची, एवढं रोजचं कामही तिला जड.

तरीही सोलापूरसाठी अशी एक दमदार गाडी कागदावर आखायची, तर टर्बोशिवायची वाट आरएक्स-८मधूनच दिसते. तिच्यात धुराची दारं घराच्या कडेवरून बाजूच्या भिंतींवर नेली. त्यामुळे आत येणारी हवा आणि बाहेर जाणारा धूर एकमेकांत मिसळत नाहीत आणि थांबलेल्या गाडीत इंजिन शांत फिरतं. ताकद मात्र सगळी वरच्या फेऱ्यांत. हौशी लोक हवेची दारं घासून मोठी करतात. थोडी मोठी केली तर चालतं. पण शर्यतीसाठी करतात तशी फार मोठी केली, तर गाडी सिग्नलवर उचक्या देते आणि मागच्याला वाटतं, हिला डॉक्टरकडे न्यावं.

टर्बो हा दुसरा मार्ग, आणि रोटरीला तो जन्मजात जुळतो. रोटरीचा धूर पिस्टनच्या इंजिनापेक्षा जास्त तापलेला असतो आणि दार एकदम उघडत असल्याने झटक्यात सुटतो. टर्बोचं पातं फिरवायला हेच हवं असतं. धोकाही इथेच आहे. दाब वाढला आणि मिश्रण वेळेआधी भडकलं की तो हातोडा थेट टोकाच्या सीलवर बसतो. सील तुटलं की तुकडा धुराबरोबर टर्बोच्या पात्यात जातो. पिस्टनचं इंजिन खडखडून आधी सूचना तरी देतं. रोटरी बहुधा देत नाही.

आता यात सोलापूरचा मे महिना मिसळा. बाहेर ४३ अंश. टर्बोने हवा वातावरणाच्या १.७ पट दाबली, तर माझ्या हिशेबाने ती ११५ अंशांच्या घरात जाते. चांगला इंटरकूलर तिला ६५ पर्यंत आणेल. हाच हिशेब २० अंशांच्या हवेचा केला, तर शेवटी ४० येतात. हा २५ अंशांचा फरक सीलच्या आयुष्याचा फरक आहे. म्हणून माझ्या कागदावरच्या गाडीला एकच मध्यम टर्बो आहे आणि तो हवा वातावरणाच्या १.७ पटीपेक्षा जास्त दाबत नाही. रेडिएटर आणि इंटरकूलर ऐपतीबाहेरचे, ऑइल कूलर दोन, कारण त्रिकोणाला आतून ऑइलच थंड ठेवतं. हवेची दारं कंपनीची तशीच. जपानी आरएक्स-७मधला दोन टर्बोंचा जोड, एक लवकर जागा होणारा आणि दुसरा वरच्या फेऱ्यांत मदतीला येणारा, चालवायला सुरेख. पण त्याच्या नळ्यांचा गुंता पाहून आमचे मिस्त्री गॅरेज बंद करतील. तीनशेच्या आसपास अश्वशक्ती पुष्कळ झाली. विजापूर रोडला त्याहून जास्त घेऊन करणार काय?

इंधनाच्या बाबतीत सोलापूर नशीबवान आहे. हा साखर कारखान्यांचा जिल्हा, आणि मळीपासून इथेनॉल बनतं. इथेनॉल वेळेआधी भडकायला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त विरोध करतं आणि बाष्प होताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतं. टर्बो रोटरीला दोन्ही हवं आहे. फक्त जळायला ते जास्त लागतं, म्हणून इंजेक्टर मोठे हवेत. शिवाय ते पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत ते ठेवू नये.

ही कागदावरची गाडी सोलापूरची एमएच-१३ पाटी लावून लगेच दिसणार नाही. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, आणि निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेला धक्का लावायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. माझदाने स्वतःही रोटरीची भूमिका बदलली. २०२३च्या एमएक्स-३० मध्ये एकच त्रिकोण आहे, ८३० सीसीचा. तो चाकांना हातही लावत नाही, नुसती बॅटरीसाठी वीज बनवतो.

परवा भाच्याने आणि मी शेंगेचं घर जाड पुठ्ठ्यातून कापलं आणि त्रिकोण पातळ पुठ्ठ्याचा केला. चौथ्या-पाचव्या फेरीतच त्याची टोकं चुरमडली आणि फट पडली. भाच्याने टोकांना चिकटपट्टीची घडी लावली. फट गेली, पण आता त्रिकोण फिरेना.