शंकराचे दहा हात आणि ३६ लाख मूर्ती

पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य. ही दहा आयुधे शंकराच्या दहा हातांत आलटूनपालटून दिली, तर मूर्तीचे किती प्रकार होतील? आणि गदा, चक्र, कमळ, शंख धरणाऱ्या विष्णूचे किती? भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’तले हे उदाहरण. ते ‘अंकपाश’ या शेवटच्या प्रकरणात येते.

आधी विष्णू घेऊ. पहिल्या हातात चारांपैकी कोणतेही आयुध देता येईल. ते दिल्यावर दुसऱ्या हातासाठी तीन उरतात, तिसऱ्यासाठी दोन, चौथ्याच्या वाट्याला उरेल ते. पहिल्या प्रत्येक निवडीसोबत पुढच्या सगळ्या निवडी शक्य असतात, म्हणून इथे बेरीज नव्हे, गुणाकार: ४ × ३ × २ × १ = २४. संध्येत केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावे घेतात, त्यांच्या मूर्ती ओळखण्याची खूणही हीच. आयुधांचा क्रम बदलला की नाव बदलते.

शंकरासाठी गुणाकार दहापासून सुरू होतो: १० × ९ × ८ असे करत एकपर्यंत. उत्तर ३६,२८,८००. हात अडीचपट झाले, मूर्ती मात्र १,५१,२०० पट! सेकंदाला एक मूर्ती पाहिली, तर न थांबता बरोबर ४२ दिवस लागतील.

भास्कराचार्य पुढे बेरीजही विचारतात. ३, ९, ८ या अंकांपासून होणाऱ्या सहा संख्यांची बेरीज किती? एकही संख्या मांडायला नको. प्रत्येक अंक एकक, दशक आणि शतक या प्रत्येक स्थानी दोनदा येतो. अंकांची बेरीज २०, म्हणून प्रत्येक स्थानी ४०; एकूण ४० × १११ = ४,४४०. याच युक्तीने २ ते ९ या आठ अंकांच्या ४०,३२० संख्यांची बेरीजही निघते: २४,६३,९९,९९,७५,३६०.

खरी मेख आहे ती एकसारख्या वस्तूंत. ४, ८, ५, ५, ५ यांचे क्रम १२० वाटतात. पण तीन पाच आपसांत सहा प्रकारे बदलले तरी संख्या तीच राहते. म्हणून १२० ला ६ ने भागायचे. संख्या फक्त २०. तेव्हा गुणाकार करण्याआधी पाहायचे, की कोणत्या वस्तूंची अदलाबदल केली तर फरकच कळणार नाही. ‘अननस’ची चार अक्षरे उलटसुलट मांडून बघा: चोवीस नव्हे, बाराच रचना होतात.