सगळ्यांच्या संमतीचा गुन्हा

कायदा आणि आपण : लेखांक ६

मागच्या लेखात हेल्मेटसक्ती पाहिली. तिथे नियम मोडणारा भर रस्त्यात दिसतो. गर्भलिंगनिदानाचं तसं नाही. पैसे देणारा खूश, घेणारा खूश. जिच्या पोटात गर्भ, तिला कुणी विचारत नाही. मग तक्रार करणार कोण?

याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. सोनोग्राफी केंद्राची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा ‘एफ’ फॉर्म, दारावर पाटी, दोषीला तुरुंगवास. कागदावर काही कमी नाही. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. सांगली जिल्हा तर २००१ मध्येच ८५१ वर होता. ऊस, द्राक्षं आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात गरिबीचं कारण पुढे करता येत नाही.

मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. तेही कुणी फॉर्म तपासले म्हणून नव्हे. गर्भपातादरम्यान एका बाईचा जीव गेला, तेव्हा तपास सुरू झाला.

साताऱ्यात ॲड. वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळाने नेमकी हीच उणीव भरून काढली. गर्भवती बायका स्वतःहून पुढे आल्या, गिऱ्हाईक म्हणून दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरांना रंगेहाथ पकडून दिलं. कायदा तोच होता. त्याला साक्षीदार मिळाले. २०२५ मध्ये देशपांडे यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला.

पण जन्मलेल्या मुलीचं काय? सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशा नावांच्या २८५ मुली आढळल्या. ऑक्टोबर २०११ मध्ये प्रशासनाने जाहीर कार्यक्रम घेऊन त्यांना नवी नावं दिली. अशी नावं ठेवणं गुन्हा नव्हता, तरी सरकारी पुढाकाराने लोकांना त्यांची लाज वाटू लागली. रूढी बदलायला दर वेळी शिक्षाच लागते असं नाही.

मुलगी नको वाटण्याचं मूळ मात्र बरंचसं सातबाऱ्यात आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. प्रत्यक्षात बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात, कारण माहेर तुटू नये. सही कायदेशीर, दबाव घरचा. वारस मुलगाच, हे त्या सहीने पुन्हा पक्कं होतं.

म्हणून ‘सरकारने करावं की समाजाने’ हा वाद इथे फोल ठरतो. यंत्र सील करणं सरकारचं काम. बहिणीपुढे तो कागद न ठेवणं भावाचं. त्यासाठी कुठल्याही नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

(पुढील लेखांकात : मिरवणुकीतला डीजे आणि आवाजाची मर्यादा)